कलमपट्टी

१

आमच्या काचघरात दिवसाची सुरुवात खुनाने व्हायची. म्हणजे दादा चहा संपवायचा, बाह्या दुमडायचा आणि जास्वंदीच्या पहिल्या रांगेपासून अंगठ्याने पिठ्या ढेकूण चिरडत सुटायचा.

पिठ्या ढेकूण ज्याने पाहिला नाही, तो भाग्यवान. दिसायला अगदी गरीब प्राणी. कापसाचा बोळा फाडून कुणीतरी फांदीच्या बेचक्यात चिकटवावा तसा. पण त्या कापसाखाली तो बसलेला असतो, सोंड खुपसून, रस ओढत. आवाज नाही, धावपळ नाही. झाडाचं पान आकसतं, कळी गळते, शेंडा मुठीसारखा आवळला जातो. बाहेरून आलेल्या कुंड्यांबरोबर तो आमच्याकडे आला आणि जास्वंद, क्रोटन, वांग्याची रोपं, भेंडी असं सगळीकडे पाहुण्यासारखा पसरला. फरक एवढाच, की पाहुणे कधीतरी जातात.

औषध मारावं तर अंगावरच्या मेणावरून ओघळून जातं, वहिनीचं बोलणं दादाच्या अंगावरून ओघळतं तसं. म्हणून अंगठा. ‘चट्’ असा बारीक आवाज यायचा, पिवळट रस उडायचा आणि दादा तो विजारीला पुसायचा. त्यात त्याला एक सुख होतं. एखादा लठ्ठ सापडला की तो मला हाक मारून दाखवायचा आणि मग सावकाश दाबायचा.

“त्या विजारी मी वेगळ्या धुते,” वहिनी म्हणायची, “आणि धुताना डोळे मिटते.”

मी दादाचा धाकटा भाऊ. रोपं वाढवणं त्याचं, खपवणं माझं. “हे झाड राजवाड्यातल्या झाडाचं सख्खं नातवंड आहे,” असं मी सांगितलं, की गिऱ्हाईक कुंडी छातीशी धरून घरी नेतं. घरात मला थापाड्या म्हणतात. त्यामुळे जे मला दिसलं त्यावर सुरुवातीला कुणी विश्वास ठेवला नाही, यात त्यांचा काही दोष नाही.

२

काचघराच्या मधोमध एक जुनी जास्वंद होती. फुलं इतकी गडद, की सावलीत काळी वाटायची. तिच्या फांद्यांची कलमं करून आम्ही विकायचो, आणि खरं सांगायचं तर त्या एका झाडावर आमच्या तिघांचं पोट होतं. तीही पांढरी पडली.

कीडतज्ज्ञ बघायला आले. गळ्यात कायम भिंग लोंबकळत असल्यामुळे आम्ही त्यांना भिंगसाहेब म्हणायचो. त्यांनी पान उलटं केलं, भिंग लावलं आणि मान हलवली.

“मुळासकट उपटा आणि जाळा. आजच.”

“साहेब,” दादा म्हणाला, “तुमच्या घरात ढेकूण झाले तर तुम्ही घर जाळता का?”

“हा तो ढेकूण नाही.”

“मग हे ते घर नाही. या तुम्ही.”

साहेब गेल्यावर दादाने ठरवलं, झाड मरायच्या आत त्याच्या काड्या काढून निरोगी रोपांच्या खुंटांवर कलम बांधून टाकायच्या. पांढऱ्या फांद्या कापता कापता चाकू सटकला आणि उजव्या अंगठ्याचं मांस हाडापर्यंत उघडलं. त्याने शिवी हासडली. रक्ताची धार कुंडीत पडली.

आणि मग दादाने तेच केलं जे आमच्या धंद्यातला कुणीही करतो. चाकू लागला म्हणून आम्ही डॉक्टरकडे जात नाही. कलम बांधायची प्लॅस्टिकची पट्टी घेतो, दाताने एक टोक धरतो आणि बोटाला घट्ट गुंडाळतो. माझ्याही दोन्ही हातांवर अशा पट्टीखाली भरलेल्या जखमांच्या खुणा आहेत. पण दादाने ती पट्टी कुठून उचलली ते मी पाहिलं. ती त्याच पांढऱ्या जास्वंदीच्या बुंध्याशी, मातीत पडलेली होती.

पिठ्या ढेकणाची सगळ्यात आवडती जागा म्हणजे पट्टीखालचा अंधार. तिथे ओल असते आणि ताजा काप असतो. हे दादाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण झाडाचं शहाणपण माणूस स्वतःच्या हाताला लावत नाही.

३

पिठ्या ढेकूण कुठे लपलाय हे शोधायचं असेल तर मुंग्यांच्या मागे जावं. तो गोड चिकटा गाळतो आणि मुंग्या तो चाटतात. गवळ्याने म्हशी सांभाळाव्यात तशा त्या त्याला सांभाळतात. मिशांनी थोपटलं, की तो थेंब सोडतो.

एके सकाळी मुंग्यांची रांग जास्वंदींना वळसा घालून काचघराच्या दाराबाहेर पडली होती. मी सहज मागे गेलो. रांग अंगण ओलांडून, पायरी चढून स्वयंपाकघरात शिरली. साखरेचा डबा टेबलावर उघडाच होता. तो सोडून ती खुर्चीच्या पायावरून वर गेली, दादाच्या कोपरावरून पुढे सरकली आणि कलमपट्टीच्या कडेखाली नाहीशी झाली.

दादा चहा पीत होता.

“दादा, मुंग्या.”

“असू दे. चहाचा हात लागला असेल.”

“अरे, पट्टीच्या आत चालल्यात!”

त्याने हाताकडे पाहिलं. झटकल्या नाहीत. दुसऱ्या हाताने रांगेवरून, एकही मुंगी दुखावणार नाही अशा बेताने, बोट फिरवलं.

मी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, “भावोजी, तुमच्या मुंग्या नेहमी हत्तीएवढ्या असतात.”

“साखर सोडून गेल्या, वहिनी.”

“त्यांना मधुमेह असेल.”

मीही हसलो. जखम चिघळली असेल, पू गोडसर असतो म्हणतात, अशी स्वतःची समजूत घातली. पट्टी सोडून जखम धू, असं दादाला सांगायला गेलो तर तो रागाने नाही, समजावणीच्या सुरात बोलला.

“लागेपर्यंत सोडायची नसते रे. तुला एवढंही कळत नाही?”

आमच्यात लागतं ते कलम. जखम भरते.

४

मग दादाने चिरडणं थांबवलं.

रांगांमधून तो फिरायचा, पानं उलटी करायचा, बघायचा आणि पुढे जायचा. काचघर आतून पांढरं होऊ लागलं. वांग्याच्या रोपांचे शेंडे लोकरीत गुंडाळल्यासारखे दिसत होते. माझ्याच्याने राहवेना. त्याच्यासमोरच एका क्रोटनवर मी नख टेकवलं. चट्.

दादा कळवळला. पोटात कुणी सुरी फिरवावी तसा वाकला. मग सरळ झाला आणि त्याने मला मारलं. दादाने लहानपणी मला खूप मारलंय, त्या मारात भाऊ असायचा. या मारात नव्हता. पहिल्या ठोशात दात पडला, दुसऱ्यात मी कुंड्यांच्या मांडणीवर जाऊन आदळलो, आणि मांडणी माझ्यावर कोसळल्यावरही तो खापऱ्यांवरून लाथा घालत राहिला. नाकातून नुसता एक लांबलचक श्वास.

मग थांबला, खाली बसला आणि फुटक्या कुंडीतलं क्रोटन आधी उचललं. मला नाही.

दुखऱ्या बरगड्या घेऊन मी विचार करत होतो. योगायोग असेल. मला चिरडताना पाहून तो चिडला असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तो काचघराच्या पार पलीकडच्या टोकाला पाठमोरा असताना मी बाकाखाली बसून, हात पिशवीत घालून, आत ठेवलेल्या पांढऱ्या फांदीवरचा एक, आवाज होऊ न देता, दाबला.

पलीकडून पाण्याची झारी पडल्याचा आवाज आला.

थोडं थांबून मी दुसरा दाबला. दादा ओरडला.

मग मी पिशवीतून हात काढला आणि बराच वेळ तो मांडीखाली दाबून बसून राहिलो.

५

वहिनीला माझं काही पटवावं लागलं नाही. तीच आली, हातात चादर घेऊन. दादाच्या बाजूची चादर चिकट होती, आणि त्या चिकटपणावर काळा थर धरला होता. असा थर आम्ही दोघांनी आयुष्यभर पाहिला होता. चिकट्यावर वाढणारी काजळी. पानांवरची.

“भावोजी,” ती म्हणाली, “तुमच्या थापांना माझ्या चादरी साक्ष द्यायला लागल्या.” आणि मग, हसल्यासारखं करून रडली.

दादा दुपारी काचघरात रिकाम्या पोत्यांवर झोपायचा. ऊन अडवायला काचांना चुना मारलेला, त्यामुळे आतला उजेड दुधासारखा. आम्ही दोघं चप्पल काढून गेलो. तो तोंड उघडं टाकून झोपला होता. मुंग्या मनगटापर्यंत होत्या. त्या थोपटत होत्या.

वहिनीने त्याचा हात मांडीवर घेतला. मी चाकूचं टोक पट्टीखाली घातलं आणि उभा काप दिला. पट्टी फुलाच्या पाकळीसारखी उलगडली.

जखम नव्हती. अंगठाही, आपण ज्याला अंगठा म्हणतो तसा, नव्हता. लोकर होती, दाट, स्वच्छ पांढरी, आणि ती वर-खाली होत होती. वाऱ्याने नाही. तिच्याखाली काहीतरी घट्ट, लांबट, वळकट्या पडलेलं बसलं होतं. त्याचं एक टोक मनगटाकडे गेलं होतं, आत, हाडाच्या बाजूने. कातडीखालून त्याची रेघ दिसत होती, आणि ती रेघ ओढत होती. घोट घोट.

दादाने डोळे उघडले.

“सोडलीत?” तो हळूच म्हणाला. “अजून लागलं नव्हतं.”

आणि त्या हाताने वहिनीचा गळा धरला.

मी त्याच्या मनगटावर लटकलो, चावलो, डोक्यावर कुंडी फोडली. त्याच्या कपाळातून रक्त आलं तरी पकड सुटेना. वहिनीचे डोळे पांढरे होत चालले. दादानेच मला शिकवलेलं होतं: रोग दिसतो तिथे छाटायचं नाही, त्याच्या वीतभर खाली छाटायचं. फांद्या छाटायची लांब दांड्यांची कात्री बाकावर होती. मी ती मनगटाच्या वीतभर मागे लावली आणि दोन्ही दांडे अंगाच्या वजनाने मिटले. एकदा. हाड लागलं. पुन्हा उघडले. पुन्हा मिटले.

ओली फांदी तुटताना होतो तोच आवाज झाला.

कापातून आधी पाण्यासारखा एक थेंब आला. मग दुसरा. मुंग्या तिकडे वळल्या. मग रक्त आलं, खरं, माणसाचं, उसळ्या मारत, आणि दादा त्याच्या स्वतःच्या आवाजात ओरडला, “माझा हात! थापाड्या, माझा हात रे!” इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

६

यंत्रात हात गेला, असं मी दवाखान्यात सांगितलं. डॉक्टरांना लगेच पटलं. दादा वाचणार होता. वहिनीच्या गळ्यावरचे नखांचे ओरखडे त्यांनी पुसून दिले, मलम लावलं. वहिनी दादापाशी थांबली. मी रॉकेलचा डबा घेऊन काचघरात आलो.

हात जिथे पडला होता तिथे नव्हता. पोत्यांपासून मुंग्यांची एक रुंद पट्टी निघाली होती, जुन्या जास्वंदीच्या बुंध्यापर्यंत. बुंध्याला जिथून दादाने काड्या कापल्या होत्या, तिथे एक नवा फुटवा दिसत होता. पांढरा. पाच टोकांचा.

मी जवळ गेलो नाही. लांबूनच रॉकेल शिंपडलं.

काडी ओढणार तेवढ्यात मनात आलं, आधी खात्री करून घ्यावी. मी वहिनीला फोन लावला, कानाला धरला आणि एका वांग्याच्या रोपावर नख दाबलं. चट्.

“वहिनी, दादा कसा आहे?”

“गाढ झोपलेत. हूं की चूं नाही. ... आई गं!”

“काय झालं?”

“काही नाही. मान चमकली. हा बाक म्हणजे शिक्षा आहे नुसती.”

मी आणखी एक दाबला. “आणि आता?”

“अहो, झोपलेत म्हटलं ना! ... स्स. तुम्ही आटपा आणि या, मला जरा पाठ टेकू दे.”

दादा सुटला होता. डोळे भरून आले माझे. मी काडी ओढली आणि जास्वंदीच्या दिशेने फेकली.

ज्वाळा छताला गेली. वरच्या काचा तडकून सुऱ्यांसारख्या खाली येऊ लागल्या. लोकर तर कापूसच, भसाभस पेटली. आणि मग तो आवाज सुरू झाला. शेकडो अंगठे एकदम टेकल्यासारखा. चट् चट् चट् चट्.

फोन अजून कानाशी होता. त्यातून जे ऐकू आलं त्याला मी किंकाळी म्हणणार नाही. किंकाळीत श्वास घ्यायला मध्ये जागा असते. मागे नर्स ओरडत होती, “बाईंना धरा, त्यांना धरा!”, काहीतरी काचेचं फुटत होतं, आणि दादा, जागा झालेला दादा, वहिनीचं नाव घेत होता.

गळा. तिचा गळा धरला होता त्याने. त्या हाताने.

मी ओली पोती टाकली. पुरेना. पाण्याची नळी कुंड्यांमधून ओढून काढली आणि तुटलेल्या काचांवरून अनवाणी धावत आगीवर धरली. जळती रोपं मिठीत घेऊन बाहेर ओढली. जे ढेकूण वाचवता येतील ते मी या तळव्यांनी झाकले. तळव्यांना आता रेषा नाहीत. ज्योतिष्याचे पैसे वाचले.

७

अर्धं काचघर जळालं. मधली जास्वंद गेली, बुंध्यासकट. वहिनी राहिली.

तिच्या गळ्यावर आता कायम रुमाल असतो. त्याखाली काय आहे ते ती दाखवत नाही आणि आम्ही विचारत नाही. घरात नियम साधा आहे: काहीही चिरडायचं नाही. दादा डाव्या हाताने पानं उलटी करतो आणि पिठ्या ढेकणांना ऊन लागत नाही ना, ते बघतो. ज्या माणसाने हयातभर त्यांचा संहार केला, तो आता त्यांची बाळंतपणं करतो.

“यांच्या विजारी धुतल्याचं बक्षीस मिळालं मला,” वहिनी म्हणायची.

पण आधी विकलेल्या कुंड्यांचं काय? त्या शहरभर गेलेल्या होत्या. कुठल्यातरी खिडकीत कुणीतरी सकाळी चहा पिऊन झाडाकडे बघायचं, आणि इकडे ओट्याशी उभी असलेली वहिनी गपकन ओटा धरायची. एकदा उकळतं पातेलं पायावर घेतलं. एकदा ओठ इतका चावला की टाके पडले.

“कुणीतरी कामाला लागलंय आज,” ती घाम पुसत म्हणायची. “सुट्टीच्या दिवशी फार हौस येते लोकांना.”

मी दारोदार फिरलो. आयुष्यातल्या सगळ्या थापा पणाला लावल्या. हा पांढरा कापूस म्हणजे या जातीचा मोहोर आहे, दुर्मिळ आहे, हात लावाल तर झाड रुसेल. काहींनी ऐकलं. एका बाईने माझ्यासमोरच, “छे हो, कीड आहे ही,” म्हणत अंगठा टेकवला. मी तिचा हात पिरगाळला. ती ओरडली, तिचा नवरा धावून आला, त्याने मला जिन्यावरून खाली ढकललं. घरी पोचलो तर वहिनी जमिनीवर पडलेली होती. म्हणाली, “ही जोरात होती.”

आणि मग, हळूहळू, कळा कमी झाल्या. आठवड्यातून एखादी. मग तीही नाही. वहिनी पोटभर जेवायला लागली, गालावर तकतकी आली. दादा तिच्याकडे बघून लहान पोरासारखा हसायचा. माझ्या थापा शहराला पटल्या, असं मी छाती काढून सांगत होतो.

८

परवा भिंगसाहेब आले. दुपारची वेळ. जळालेलं काचघर बघून त्यांनी मान डोलावली. “शेवटी जाळलंत तर.” मग बैठकीच्या खोलीत ऐसपैस बसले. फार खुशीत होते.

“शहरभरची कीड आटोक्यात आली,” ते म्हणाले. “लोकांना चिरडायलासुद्धा सांगावं लागलं नाही. आम्ही मित्रकीटक सोडलेत. गांधीलमाशीच्या जातीतले, पण अगदी बारीक. टाचणीच्या डोक्याएवढे. तुमच्या काचघरातही पोचले असतील आतापर्यंत, काचा फुटक्याच आहेत.”

“ते काय करतात?” दादाने विचारलं.

“ढेकणाच्या अंगात अंडं घालतात. एकच. अळी निघते, आणि त्याला आतल्या आत खात वाढते. गंमत बघा, ढेकणाला पत्ताच लागत नाही. वेदना नाही, काही नाही. उलट शेवटच्या दिवसांत तो फुगून चांगला टवटवीत दिसतो. मग एक दिवस पाठीला गोल भोक पडतं, आणि माशी उडून जाते. मागे नुसतं टरफल.”

दादाचा डावा हात खुर्चीच्या हातावर होता. तो हळूहळू आवळत गेला.

वहिनी चहा घेऊन आली. गाल गुलाबी, चालीत एक आळसावलेली ऐट. कप ठेवताना तिने मान एका बाजूला कलती केली आणि रुमालावरून हलकेच बोट फिरवलं, खाजवल्यासारखं.

“भावोजी,” ती म्हणाली, “पंखा चालू आहे का हो? सकाळपासून कसलीतरी भुणभुण ऐकू येतेय.”

पंखा बंद होता. साहेबांनी वर पाहिलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

मी उठलो आणि पंखा लावला.